काठातला धागा

आज सकाळी लिफ्टमध्ये माझ्या चांगल्या डोळ्यात कसपट गेलं. एवढंच झालं. डोळा चोळायची सवय डॉक्टरबाईंनी रागावून रागावून मोडलीय, त्यामुळे मी तो नुसता गच्च मिटला आणि पाणी यायची वाट बघत उभी राहिले. लिफ्ट नेहमीसारखी ठासून भरलेली. माझ्या नाकासमोर वीतभर अंतरावर एका उंच माणसाची पाठ होती, आणि त्या पाठीवर मला वीण दिसली. लोकरी कोट, माशाच्या काट्याची वीण, एक पट्टा उजवीकडे कललेला, एक डावीकडे, आणि मधे तो बारीक सांधा, जिथे धागे एकमेकांना टाळून निघून जातात. राखाडीत मधूनच एक निळसर धागा. काखेजवळ कापड घासून चमकायला लागलेलं. मी आपली सवयीने बघत होते. हा निळा धागा बाजारात कुठे मिळायचा नाही, फाटलाच तर ह्याच्याच मायेतून, शिवणीच्या आत सोडलेल्या जास्तीच्या कापडातून काढावा लागेल, असा हिशेब मनात चाललेला, आणि मग लक्षात आलं. चांगला डोळा मिटलेला होता. मी बघत होते ते दुसऱ्या डोळ्याने. "अगं बाई!" माझ्या तोंडून निघालं, चांगलं मोठ्याने. उंच माणूस वळला. त्याला वाटलं, त्याने माझ्या पायावर पाय दिला. "सॉरी हं, लागलं का?" मी म्हटलं, "नाही हो, तुमचा कोट छान आहे." बिचारा असा काही लाजला! लोक माझ्याकडे बघायला लागले. तिसरा मजला आला, दार उघडलं, दार मिटलं, आणि मी तिथेच उभी.

तसं दिसत नव्हतं असं नाही. गेले काही महिने दिसतंच होतं. आधी न्हाणीघराच्या वाफाळलेल्या काचेतून दिसावं तसं, मग ती वाफ कडेकडेने पुसत गेल्यासारखं. डॉक्टरबाईंच्या भिंतीवरची अक्षरं मी वाचते, वरच्या ओळी घडाघडा, खालच्या जरा चाचपडत, आणि त्या दर वेळी "शाब्बास मावशी" म्हणतात, मला शाळेतून बक्षीस मिळाल्यासारखं वाटतं. पण अक्षरं काय, अक्षरं मोठ्या मनाची असतात, अर्धी दिसली तरी उरलेली आपण भरून घेतो. विणीचं तसं नाही. वीण दिसते किंवा दिसत नाही. मी जन्मभर तेवढंच बघत आले, आणि त्या डोळ्याला ती दोन वर्षं दिसली नव्हती. लिफ्ट वरपर्यंत गेली, रिकामी झाली, पुन्हा खाली आली, नवी माणसं भरली, आणि मी कोपऱ्यात उभी राहून एकेकाच्या पाठीवर एक डोळा मिटून बघत होते. कुणी बघितलं असतं तर म्हातारपणी डोळा मारायला शिकली म्हणालं असतं.

मी रफू करते. तिसऱ्या मजल्यावरच्या ड्रायक्लीनिंगच्या दुकानात खिडकीपाशी माझं टेबल आहे, तिथेच आधी बाबा बसायचे. उंदराने कुरतडलेलं, सिगारेटने भाजलेलं, खिळ्याला अडकून फाटलेलं कापड आम्ही असं भरतो की भोक होतं कुठे ते भोक पाडणाऱ्यालाही सांगता येऊ नये. बाहेरचा धागा वापरायचा नाही. कितीही जुळता रंग आणा, उन्हात तो चुगली करतो. धागा त्याच कपड्याचा, आतल्या काठातून, दुमडीतून, जिथे कुणी बघत नाही तिथून एकेक ओढून काढायचा आणि एकेक उभा, एकेक आडवा असा भोकात पुन्हा विणायचा. बाबा म्हणायचे, काठातून घ्यावं, पण काठाला कळता कामा नये. आणि त्यांची दुसरी रीत अशी, की काम झालं की कपडा गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा, त्याला खिडकीपाशी उजेडात उभं करायचं आणि आपण गप्प बसायचं. जागा दाखवायची नाही. त्याने शोधायची. सापडली तर सगळं उसवून पुन्हा, फुकट. एकदा एक वकील कोट उलटासुलटा करून भडकले होते, "अजून हात लावला नाही आणि मला बोलावता कशाला?" बाबा मान खाली घालून गप्प. वकील तावातावाने बोलत राहिले आणि मग एकदम थांबले. त्यांना कळलं तेव्हा त्यांचा चेहरा असा झाला होता, की मी बारा-तेरा वर्षांची असेन, पण मला तेव्हाच वाटलं, हेच करायचं आपण.

लिफ्टमधून उतरून मी दुकानात गेले, पिशवी ठेवली, आणि कुणाशी न बोलता सरळ मागच्या दांडीवरचा शेवटचा हँगर काढला. प्लास्टिकच्या पिशवीवर धूळ बसलेली. मालक काउंटरवरून नुसते बघत राहिले. ह्या कोटाला हात लावायचा नाही, फेकायचा नाही, परत द्यायचाही नाही, असं मीच दोन वर्षांपूर्वी बजावलं होतं, आणि माझ्या जिभेला ते वचकून असतात. कोट नळवाल्यांचा. तेही माशाच्या काट्याच्या विणीचं कापड, तपकिरी, जुन्या काळचं, आता असं कुणी विणत नाही. उजव्या खिशाच्या तळाशी बोटभर भोक. मी तो टेबलावर पसरला आणि हात मांडीवर ठेवून जरा वेळ बसले. आपल्याला चावलेल्या कुत्र्याजवळ पुन्हा बसावं तसं वाटत होतं.

नळवाले म्हणजे आमच्या भागात तुंबलेले नळ आणि मोऱ्या मोकळ्या करणारे गृहस्थ. दांडगा माणूस, बोलायला लागला की मात्र आवाज मऊ. लेकीचं लग्न ठरलं होतं, त्यात घालायचा म्हणून स्वतःच्या लग्नातला कोट काढला, तर त्याला भोक. "कसर लागली असेल ताई," म्हणाले आणि ठेवून गेले. मला बघताक्षणी कळलं की ही कसर नाही. कसर कुरतडते, कडा स्वच्छ असतात. ही कड पिवळी पडलेली, कडक, बोट लावलं की भुगा. भाजलेलंही नाही, जळका वास नाही. माझी खोड अशी की भोक कशाने पडलं ते कळल्याशिवाय सुई धरवत नाही. म्हणून मी आम्ही सगळे रफूवाले करतो तेच केलं, कोट दोन्ही हातांनी वर उचलला, खिडकीकडे तोंड केलं आणि भोकातून आरपार उजेड बघितला. दुसरा कुणी असता तर कोट खाली ठेवून बघितलं असतं. आम्हीच वर बघतो. तर त्या भोकातून पांढरे चुरे माझ्या डोळ्यात पडले. कुठल्या तरी थंडीत नळवाले तोच कोट अंगात अडकवून शेजाऱ्याची मोरी काढायला धावले होते, आणि मोरी मोकळी करायच्या कॉस्टिक सोड्याची उरलेली पुडी त्यांनी खिशात टाकली होती. लोकर त्या कॉस्टिकनेच खाल्ली होती. भोक कशाने पडलं ते मला कळलं, चांगलंच कळलं.

आधी दुखलं नाही, हे कुणाला खरं वाटत नाही. आधी डोळा बुळबुळीत झाला, साबण गेल्यासारखा, आणि मी बाहीने पुसला. मग आग. मालकांनी मला मानेला धरून नळाखाली घातलं आणि मी किती किंचाळले तरी सोडलं नाही. तो माणूस एरवी चहाला पैसे सुटे नाहीत म्हणतो, पण त्या दिवशी त्याने माझा डोळा पूर्ण वितळू दिला नाही, हे डॉक्टरबाईंनी मला नंतर सांगितलं. तरीही व्हायचं ते झालं. लाल डोळा हळूहळू पांढरा झाला, दुधावर साय धरावी तसा, आणि सायीवरून बारीक लाल रेघा आत आत येत गेल्या. उजेड कळायचा, हात हलवला तर सावली कळायची, बाकी काही नाही. आणि एक डोळा गेला म्हणजे अर्धं दिसतं असं नसतं हो. लांबी-खोली जाते. सुईचं टोक धाग्याच्या पुढे की मागे तेच कळत नाही. चहा कपाबाहेर ओतायचा. जिन्याच्या शेवटच्या पायरीनंतर आणखी एक पायरी शोधत पाय हवेत जायचा. मी बटणं लावायला आणि चेन बदलायला लागले. नळवाले दर महिन्याला दारात येऊन उभे राहायचे, "कसं आहे ताई?" एकदा मी चिडून म्हटलं, "माझा डोळा भरून द्या, मग तुमचा कोट न्या!" लेकीच्या लग्नात ते स्वेटर घालून उभे होते असं मागाहून कुणाकडून तरी समजलं. आमच्या स्वयंपाकघरातला गळका नळ मात्र मधे कधीतरी दुरुस्त झाला, कुणी केला ते ह्यांनी मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

डॉक्टरबाई म्हणजे माझ्या भाचीच्या वयाची पोरगी. पहिल्या दिवशी मी तिच्या पांढऱ्या कोटाची उसवलेली बाहीच बघत होते, त्यामुळे ती काय म्हणतेय ते दोनदा सांगावं लागलं. बुबुळावर एक पातळ, पारदर्शक आवरण असतं, म्हणाली, ते रोज झिजतं आणि रोज नवं होतं. नवं करणाऱ्या पेशी, स्टेम सेल, बुबुळाच्या काठावर राहतात, काळ्या-पांढऱ्याच्या सीमेवर. तिथून जन्मभर नवं कापड मधल्या भागाकडे सरकत असतं. "तुमच्या ह्या डोळ्याचा काठ जळालाय मावशी. कापड यायचं बंद झालं, म्हणून पांढऱ्या भागाची कातडी आत घुसली." मी विचारलं, "मग काठ आणायचा कुठून?" ती म्हणाली, "तुमच्याच दुसऱ्या डोळ्यातून. वरच्या पापणीखाली, जिथे कुणाला दिसत नाही तिथून, तांदळाच्या कणीएवढा." माझ्या हाताला मुंग्या आल्या. बाबांचा आवाज कानात आला, अगदी तसाच, काठातून घ्यावं. आणि त्याच क्षणी मी उठून उभी राहिले आणि म्हटलं, "नको. मला नको."

कारण मी काठ सुटलेला बघितलाय. एका म्हाताऱ्या बाईंची शाल होती, बाबांनी तिच्या काठातून नेहमीसारखा एक धागा ओढला, आणि शाल इतकी जीर्ण होती की धाग्यामागून धागा निघत गेला. बाबा हात लावतील तिथून ती उसवत होती. भोक मधे तसंच राहिलं आणि काठही गेला. बाबा संध्याकाळपर्यंत ती शाल मांडीवर घेऊन बसले होते, जेवायलाही उठले नाहीत. तर माझा हा एकच डोळा. पन्नाशी उलटलेला, जन्मभर सुईच्या टोकाला जुंपलेला. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागायचं? उद्या ह्याचाही काठ सुटला तर? डॉक्टरबाई खोटं बोलली नाही. "दहातल्या सात-आठ जणांचं छान होतं," म्हणाली, "बाकीच्यांचं पुन्हा करावं लागतं, कधी जमत नाही. चांगल्या डोळ्याला धक्का फार क्वचित बसतो. पण कधीच बसत नाही असं मी लिहून देणार नाही." हे शेजारी बसले होते. टेलिफोन खात्यात जन्मभर तारा जोडल्या, त्यांना वाटतं कुठलीही तार कुठल्याही तारेला जोडता येते. म्हणाले, "अहो डॉक्टर, माझा घ्या की. मला कुठे सुया ओवायच्यात? बातम्या तर मी ऐकतोच." आणि चष्मा काढून डोळा पुढे करून बसले, जणू आत्ताच घेणार आहेत. मला हसूच आलं. डॉक्टरबाई म्हणाली, "काका, तुमचा लावला तर त्यांचं शरीर तो परका म्हणून हाकलून देईल. सतत औषधं घेऊन त्याला गप्प करावं लागेल." "तीस वर्षं संसार केलाय हो आम्ही!" "तीस वर्षं केला तरी, काका." बसमध्ये हे खिडकीबाहेर बघत बसले. मधेच म्हणाले, "परका, म्हणे." रात्री जेवतानाही पुन्हा एकदा म्हणाले.

वर्ष मी असंच काढलं. मग एक कोट आला, साधा, काळा, गुडघ्याएवढ्या मुलालाही भरता येईल असं भोक, आणि मी हट्टाने तो एका डोळ्याने भरला. तीन दिवस भरला. गिऱ्हाईक आलं, कुणी प्राध्यापकबाई होत्या, मी त्यांना खिडकीपाशी उभं केलं आणि गप्प बसले. त्यांनी कोट हातात घेतला आणि त्यांचा अंगठा सरळ त्या जागेवर गेला. सरळ. शोधावंही लागलं नाही. "छान झालंय हो," त्या म्हणाल्या, आणि अंगठा तिथेच. त्या चांगल्या बाई होत्या, म्हणून जास्त लागलं. मी म्हटलं, ठेवा, पुन्हा करते, त्या "कशाला, कशाला" म्हणत घेऊन गेल्या. मी टेबलाशी बसून राहिले. चांगला डोळा मी कशासाठी सांभाळून ठेवत होते? बटणं लावायला? संध्याकाळी घरी आले आणि ह्यांना म्हटलं, "उद्या डॉक्टरबाईंकडे जाऊ." ह्यांनी उठून चहा टाकला, त्यात साखर दोनदा घातली.

ऑपरेशनला डोळे बधिर केले पण मी जागी होते. दिव्याचा मोठा पिवळा गोळा आणि त्यात हलणाऱ्या सावल्या. आधी तिने आजारी डोळ्यावरची साय काढली. मग चांगल्या डोळ्यावर आली, आणि मी श्वास धरला. दुखत नव्हतं, नुसता एक हलका दाब. पण मला काठ सुटल्याचं ऐकू येईल असं वाटत होतं, शालीचा यायचा तसा बारीक सर्र आवाज. "झालं मावशी, निघाला," ती म्हणाली. मला विश्वासच बसेना. मी म्हटलं, "काठ नीट आहे ना गं?" ऑपरेशनच्या खोलीत तिला अगं-तुगं केलं, भान राहिलं नाही. ती म्हणाली, "नीट आहे." मग बराच वेळ ती त्या कणीचे आणखी बारीक तुकडे करत होती. मी विचारलं, टाके किती घालणार? ती म्हणाली, "टाके नाहीत, चिकटवणार." "चिकटवणार!" मी उठायलाच निघाले. आमच्या धंद्यात चिकटवणं म्हणजे शुद्ध फसवणूक, मागून ठिगळ डकवून वरून इस्त्री मारणारे लोक आम्ही दारात उभे करत नाही. खोलीतली सगळी माणसं हसायला लागली, मला वाटतं तीसुद्धा, कारण दाब एकदम थांबला. "मावशी, हलू नका, नाहीतर तुमचं नाक चिकटवीन." मग म्हणाली, आता आधी खाली अस्तर घालतेय.

ह्या अस्तराचं तिने मला आदल्या दिवशी सांगितलं होतं, पण मी घाबरलेली होते, नीट आत गेलं नव्हतं. तिथे, त्या पिवळ्या गोळ्याखाली, ते आत गेलं. बाळ जन्मतं तेव्हा वार पडते ना, तिच्या आतला पापुद्रा, ज्यात बाळ नऊ महिने पाण्यात तरंगत असतं, तो. कुणीतरी आई बाळंतपणाच्या वेळी हो म्हणते, मग तो धुऊन, तपासून, गोठवून ठेवतात, आणि माझ्यासारखीच्या डोळ्यावर पसरतात, म्हणजे त्याच्यावर पेशींना घर करता येतं. मी विचारलं होतं, "नवरा परका, मग हे कसं परकं नाही?" ती म्हणाली होती, "ते कुणाशी भांडत नाही मावशी. आई आणि बाळ ही दोन वेगळी शरीरं, त्यांच्यामधे राहायची त्याला सवय असते." मला मूल नाही. होऊन गेलेली गोष्ट आहे ती, त्याचं रडगाणं मी कधी गायलं नाही. पण त्या टेबलावर पडल्या पडल्या मला वाटलं, कुठेतरी एक पोर आहे, आत्ता रांगत असेल, नाहीतर भिंतीला धरून उभं राहत असेल, पडलं म्हणून भोकाड पसरत असेल, आणि त्याने जगात पहिल्यांदा ज्याला पाय मारला ते माझ्या डोळ्यावर आहे. त्या आईला मी माहीत नाही. मलाही ती कधी दिसणार नाही. तिने नुसतं हो म्हटलं आणि बाळ घेऊन घरी गेली. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं असावं, कारण डॉक्टरबाई म्हणाली, "काय होतंय, दुखतंय का?" मी म्हटलं, "नाही. केवढं मोठं आहे हो हे सगळं." ती म्हणाली, "तांदळाच्या कणीएवढं आहे मावशी. हलू नका." पण आवाज मऊ होता तिचा.

दुसऱ्या दिवसापर्यंत दोन्ही डोळे बांधलेले. ह्यांनी भरवलं, निम्मं हनुवटीवर. औषधाचे थेंब घालायची वेळ झाली की ह्यांच्या मोबाइलमध्ये कोंबडा आरवायचा, वॉर्डातल्या बायका वैतागल्या. सकाळी चांगल्या डोळ्याची पट्टी काढली आणि पहिल्यांदा दिसलं ते ह्यांचं नाक, कारण ते अगदी जवळ येऊन बघत होते. "दिसतंय का?" "तुमच्या नाकावर मसुरीएवढा तीळ आहे, तो आधी होता का?" हे खाली बसले आणि रुमालात तोंड घालून बराच वेळ खोकत राहिले. काठ सुटला नव्हता.

पण सगळ्यात अचाट ते नंतर बघितलं. डॉक्टरबाई डोळ्यात पिवळं औषध घालून निळा दिवा लावायची आणि पडद्यावर दाखवायची. पहिल्या वेळी नुसते ठिपके, गोलात मांडलेले, मधे रिकामं. मग प्रत्येक ठिपक्याभोवती एक कड उमटली, ओल पसरावी तशी. पुढच्या वेळी त्या कडा एकमेकींकडे निघालेल्या. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं कुठे जायचं. डॉक्टरबाईने नुसतं ठेवलं होतं. मग एके दिवशी सगळ्या एकमेकींना टेकल्या, आणि टेकल्या की थांबल्या. मी विचारलं, "थांबायचं कसं कळलं?" ती म्हणाली, "एकमेकींना लागल्या की कळतं त्यांना. एवढं आम्हाला माहीत आहे. का, ते विचारू नका, मी पण अजून बघतेच आहे." आणि ती खुर्ची मागे टेकून माझ्याबरोबर पडद्याकडे बघत राहिली, बाहेर पेशंट खोळंबलेले. एक सलग कापड. माझंच, माझ्याच काठातून आलेलं, आणि त्यात माझ्या हाताचा एक टाका नाही. मी जन्मभर उभा-आडवा धागा मोजत आले, आणि माझ्या डोक्यातच कुणीतरी न मोजता विणत होतं, मी झोपलेली असताना, भांडत असताना, बटणं लावत असताना. त्या दिवशी घरी जाताना मी ह्यांचा हात धरून चालले, भर रस्त्यात. ह्यांना वाटलं मला चक्कर आली.

तर आज कोट. आधी पिवळी पडलेली कड कात्रीने कातरत गेले, भुगा संपून जिवंत धागा लागेपर्यंत, त्यामुळे भोक दुप्पट झालं. मग आतली शिवण उसवली, मायेतून एकेक धागा ओढला. काठाला कळलं नाही. सुई उचलली, चांगला डोळा मिटला. मुद्दाम. म्हटलं, बघू. सुईचं टोक धाग्याखाली गेलं, वर आलं, पुढच्याच्या वरून, खालून. माझ्या हाताला घाम सुटला होता, पण सुईला सगळं माहीत होतं. मग दोन्ही डोळे उघडले, आणि लांबी-खोली परत आली, कापडाला वर आणि खाली आलं, टोक कुठे आहे ते मला त्याला न विचारता कळायला लागलं. मालकांनी मधे चहा ठेवला, तो गार झाला. जेवणाच्या वेळेला मी मान वर केली नाही. खिडकीतला उजेड टेबलाच्या ह्या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात गेला. शेवटचा निळा, नव्हे, ह्याच्यातला तांबूस धागा बसला तेव्हा मी मालकांना म्हटलं, नळवाल्यांना फोन करा. ते म्हणाले, "आता? काय सांगू?" मी म्हटलं, "कोट न्या म्हणावं."

तासाभरात आले, हात न धुता, बाह्यांना ओल. मी कोट पुढे केला. त्यांनी घेतला नाही. "ताई, मला नको तो. जाळून टाका." मी म्हटलं, "घ्या." माझ्या जिभेला तेही वचकून असतील, त्यांनी घेतला. मी त्यांना खिडकीपाशी उभं केलं आणि गप्प बसले. त्यांनी उजवा खिसा बघितला. मग डावा. खिशात हात घालून तळ चाचपला, कोट उलटा केला, सुलटा केला, दोन्ही हातांनी वर उचलून उजेडात धरायला निघाले आणि एकदम दचकून खाली घेतला. मी म्हटलं, "धरा. काही नाही आता त्यात." त्यांनी धरला. "हा माझा नाही," म्हणाले. मग कॉलरच्या आत त्यांच्या बायकोने कधी काळी घातलेला एक वेडावाकडा पांढरा टाका होता, तो सापडला, आणि ते त्या टाक्यावर अंगठा ठेवून उभेच राहिले.

मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. दोन वर्षांत त्यांनी माझ्या तोंडाकडे कधी नीट बघितलं नव्हतं, दारातूनच विचारायचे, नजर जमिनीवर ठेवून. आज बघितलं. एका डोळ्यात, मग दुसऱ्या डोळ्यात, मग पुन्हा पहिल्यात. कपाळाला आठ्या पडल्या. "ताई," अगदी हळू म्हणाले, "कोणता हो तो?"

उत्तर माझ्या ओठावर आलं होतं. मी उठले, खिडकीपाशी गेले, तोंड उजेडाकडे केलं आणि गप्प उभी राहिले.